दाण्यावरचा पक्षी, पाण्यावरचा पक्षी

सिल्वासात बंगल्याच्या आवारात किंवा फ्लॅटच्या गॅलरीत दाण्याचा फीडर टांगला, तर आठ-पंधरा दिवसांत त्यावर कोण येणार हे आधीच सांगता येतं. चिमण्या, होले, पारवे आणि खारी. शेजारी मोकळं माळरान असेल तर मुनियांचा थवा, सूर्यफुलाचं बी ठेवलं तर पोपट. संपली यादी. अंगणातल्या पक्ष्यांचं छायाचित्रण शिकवणारे इंग्रजी व्हिडिओ पाहून मोठी लेन्स घेतलेला माणूस इथे हमखास हिरमुसतो. त्या व्हिडिओंत फीडरवर रॉबिन येतो, चार प्रकारचे टिट येतात, सुतार उलटा लटकून शेंगदाणे टोचतो. आपल्या फीडरवर मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत पारव्यांचीच पंगत. यात फीडरचा दोष नाही, माणसाचाही नाही. ती विद्या ज्या हवेत तयार झाली ती हवा सिल्वासाची नाही, एवढंच.

इंग्लंडमध्ये डिसेंबर-जानेवारीत दिवस जेमतेम आठ तासांचा, किडे जवळपास नाहीसे झालेले, आणि दहा-बारा ग्रॅमच्या पक्ष्याला गारठलेली लांबलचक रात्र अंगातल्या चरबीवर काढायची असते. अशा वेळी टांगलेले शेंगदाणे आणि चरबीचे गोळे ही त्याच्या जिवाची तजवीज ठरते, म्हणून तो माणसाच्या खिडकीपाशी येतो. तिथल्या पक्षीप्रेमींनी १९७९ पासून दर जानेवारीत बागेतल्या पक्ष्यांची देशव्यापी मोजणी चालवली आहे. १९७०च्या दशकात तिथल्या फीडरांवर मुख्यतः चिमण्या आणि स्टार्लिंग यांचंच राज्य होतं. पुढे खाद्याचे प्रकार वाढले आणि येणाऱ्या जातीही वाढल्या. मध्य युरोपातले ब्लॅककॅप नावाचे वटवटे पूर्वी हिवाळ्यात दक्षिणेला जात. आता त्यांतले बरेच ब्रिटनच्या बागांत हिवाळा काढतात, आणि त्यामागे या आयत्या खाद्याचा मोठा वाटा आहे. थोडक्यात, फीडर ही तिथे पक्ष्यांच्या आयुष्यातली खरीखुरी घटना आहे, आणि तिथलं फीडर-छायाचित्रण त्या घटनेवर उभं आहे.

सिल्वासा ज्यात येतं तो दादरा आणि नगर हवेली हा ४९१ चौरस किलोमीटरचा तुकडा. त्यातला सुमारे ४० टक्के भाग साग, खैर, बांबू, मोह अशा जंगलाचा. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, मग भाताची शिवारं, नागली-वरईचे उतार, आणि नाशिक जिल्ह्यातून उतरलेल्या दमणगंगेवर मधुबन धरणाचं पसरलेलं पाणी. कारखान्यांच्या शेडमागेही करंज आणि उंबर उभे असतात. अशा मुलखात हिवाळा हा पक्ष्यांसाठी उपासमारीचा काळ नव्हेच. किडे असतात, फळं असतात, कापणीनंतर सांडलेलं भात असतं. दयाळ, शिंपी, नाचण, सुभग, वेडा राघू ही सगळी मंडळी किडे खाणारी. त्यांना तुमच्या बाजरीत काडीचा रस नाही. सूर्यपक्ष्याला मध हवा, तांबटाला उंबर हवं. दाणा टिपणारे तेवढे फीडरवर येणार, आणि त्यांतले जे माणसाला आधीच सोकावलेले आहेत ते सगळ्यांत आधी.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात काही संशोधकांनी मुद्दाम घराघरांत पाव आणि दाणे ठेवून दीड वर्ष पाहणी केली होती. २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दाणे ठेवलेल्या अंगणांत चिमण्या आणि ठिपकेदार होले वाढले, हे दोन्ही तिथे बाहेरून आणलेले पक्षी. तिथला मूळचा, किडे खाणारा ग्रे वॉर्बलर नावाचा चिमुकला पक्षी मात्र कमी झाला. आपल्याकडे होला आणि चिमणी बाहेरची नाहीत, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण दाणे टाकून आपण ‘पक्ष्यांना’ खाऊ घालत नसून पक्ष्यांतल्या एका ठरावीक गटाला खाऊ घालत असतो, हे त्यातून पुरतं कळतं.

अर्थात दाणे टाकणं आपल्याला परकं नाही. पितृपंधरवड्यात कावळ्यासाठी ठेवलेलं पान हा आपल्याकडचा जुना फीडरच. तो पंधरा दिवस चालतो आणि येणारा पाहुणाही ठरलेला. कोकणात दसऱ्याच्या सुमाराला नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, आणि त्या चिमण्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. गुजरातच्या गावांत खांबावर उभारलेले नक्षीदार चबुतरे आहेत, आणि सिल्वासात मराठी, गुजराती, वारली अशी सगळीच घरं शेजारी-शेजारी असल्यामुळे हे सारे रिवाज एका गल्लीत दिसतात. छायाचित्रकाराने या गोष्टींकडे जुनाट म्हणून पाहू नये. प्लॅस्टिकच्या हिरव्या नळकांड्यावर बसलेली चिमणी आणि दारावरच्या लोंबीला लटकलेली चिमणी यांतला कोणता फोटो भिंतीवर लावाल, हे विचारायचीही गरज नाही. चिमणीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन २०१० मध्ये सुरू झाला तो नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरेव्हर सोसायटी’च्या पुढाकाराने, म्हणजे इथून डोंगर चढून गेलं की लागणाऱ्या गावातून. चिमणीला साधी समजून तिच्याकडे लेन्स न वळवणारे लोक मला नेहमी थोडे घाईचे वाटतात. नराच्या गळ्यावरचा काळा पट्टा विणीच्या काळात कसा रुंद आणि गडद दिसतो, हे अंगणात वर्षभर टिपत राहिलं तर एक सुंदर मालिका होते.

पण खरी गंमत पाण्याची आहे. मार्चनंतर इथले नाले आटतात, पानगळीच्या जंगलात सावली उरत नाही, दुपारी पारा चाळिशीकडे सरकतो. त्या दोन-अडीच महिन्यांत अंगणातलं उथळ भांडं जे करतं ते कुठलाच फीडर करू शकत नाही. दाणा न खाणारा पक्षीही पाणी पितो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंघोळ करतो. लालबुड्या बुलबुल, दयाळ, सातभाईंची टोळी, भांगपाडी मैना, हळद्या, चष्मेवाला, नशिबात असेल तर पांढऱ्या रिबिनीसारखी शेपटी मिरवणारा स्वर्गीय नर्तक, आणि पक्षी अंघोळीला जमलेत हे ताडून आलेला शिक्रा. भांडं मातीचं, पसरट, खरबरीत तळाचं हवं. पाणी कडेला बोटाच्या पेरभर आणि मधे फार तर दोन पेरं. खोल बादलीत लहान पक्षी बुडतात. वर एक मडकं टांगून त्याच्या तळाला बारीक भोक पाडावं आणि त्यात सुताची वात घालावी. थेंब पडल्याचा आवाज आणि पाण्यावर उठणारी तरंगवलयं दुरून पक्षी खेचून आणतात. पाणी रोज बदलायचं. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि आपल्या भांड्यामुळे शेजाऱ्याला डेंग्यू झाला तर पक्षीप्रेमाचं कौतुक कोणी करणार नाही.

दुसरा देशी फीडर म्हणजे झाड. जानेवारीअखेर ते मार्च या काळात काटेसावर, पळस आणि पांगारा फुलले की एकेका झाडावर दिवसभरात जी वर्दळ होते, ती पाहिल्यावर टांगलेल्या नळकांड्याची कीव येते. भोरड्यांचे थवे या फुलांवर तुटून पडतात. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून आलेल्या या गुलाबी पाहुण्या आपल्याकडे मध पिऊन परतीची तयारी करतात. सिल्वासाहून खानवेल-दुधनीच्या रस्त्याला लागलं की पळस गाडीच्या काचेतूनच दिसू लागतो. स्वतःच्या आवारात एवढं मोठं झाड लावायला जागा नसेल तर जास्वंद आणि हॅमेलिया पुरेत. सूर्यपक्षी गॅलरीतल्या कुंडीवरही येतो. त्याच्यासाठी साखरपाण्याच्या बाटल्या टांगायचं फॅड अमेरिकेतल्या हमिंगबर्डांकडून आलंय. आपल्या उन्हात ते पाणी लवकर आंबतं, मुंग्या लागतात, आणि फोटोत लाल प्लॅस्टिकचं फूल दिसतं. मला त्याचा मोह कधीच समजला नाही. फळं खाणाऱ्यांसाठी पिकलेल्या पपईची किंवा पेरूची फोड फांदीला अडकवावी. बुलबुल लगेच येतो, तांबट वेळ लावतो, कोकीळ आला तर बाकीच्यांना हुसकावून एकटाच बसतो.

आता कॅमेरा. या प्रकारच्या छायाचित्रणातला सगळ्यांत मोठा धडा असा की फोटो फीडरचा काढायचाच नसतो. पक्षी थेट भांड्यावर उतरत नाही. आधी जवळच्या फांदीवर बसतो, मान तिरकी करून मांजर आहे का ते पाहतो, मग खाली येतो. ती फांदी तुम्ही ठरवायची. भांड्यापासून हात-दीड हातावर बाभळीची, बोरीची, नाहीतर शेवाळ धरलेली आंब्याची वाळकी काटकी रोवली की पक्षी आपणहून तिथे थांबतो, आणि फोटोत दाणाही नसतो, भांडंही नसतं. काटकीची जाडी पक्ष्याच्या पायाला शोभेलशी हवी; सूर्यपक्ष्याला करंगळीएवढ्या फांदीवर बसवलं तर तो कोणीतरी चिकटवल्यासारखा दिसतो. काटकी आठवड्याला बदलावी, नाहीतर तुमचे सगळे पक्षी एकाच झाडावर जन्मल्यासारखे वाटतात.

अंतराचं गणित थोडं समजून घेतलं तर बरीच खटपट वाचते. ३०० मिलिमीटरची लेन्स आणि एपीएस-सी सेन्सर असेल, तर चार मीटरवर जेमतेम ३० सेंटिमीटर रुंदीचा तुकडा चौकटीत मावतो. १०-१२ सेंटिमीटरच्या मुनियेला तो अगदी बेतशीर होतो, होल्याला मात्र अडचणीचा. त्याच अंतरावर एफ/५.६ ठेवलं की स्पष्ट दिसणारी खोली साधारण चार सेंटिमीटरच मिळते. म्हणून पक्षी आडवा, बाजूने दिसेल अशा बेताने काटकी लावायची आणि फोकस डोळ्यावर धरायचा. डोळा धूसर आणि शेपटी लख्ख असा फोटो कोणी दोनदा पाहत नाही. मागची पार्श्वभूमी काटकीपासून पाच-सहा मीटर दूर असली की ती विरघळून एकरंगी होते. कंपाउंडची चुन्याची भिंत, वाळत घातलेले कपडे, शेजाऱ्याची निळी ताडपत्री, यांचं काय करायचं याचा विचार लेन्स विकत घेण्याआधी करावा. भिंतीपुढे वेल चढवणं नव्या लेन्सपेक्षा स्वस्त पडतं.

बसलेल्या पक्ष्यालाही १/१००० सेकंद द्यावा, कारण लहान पक्षी बसल्या जागी सतत मान हलवतो. अंघोळीचे उडते थेंब गोठवायचे तर १/२००० च्या पुढे. उलट, पंखांची थरथर दाखवायची तर १/६० वर चक्क बिघडवून पाहावं. दहांतला एखादा जमतो, पण तो जमला तर बाकीचे शंभर नीटस फोटो त्याच्यापुढे फिके पडतात. खिडकी उत्तरेकडे उघडणारी असेल तर उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला, म्हणजे दिवसभर आपल्या पाठीशी. फक्त भांडं घराच्या सावलीबाहेर ठेवायला हवं. सूर्यपक्ष्याच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं, कारण त्याच्या अंगावरची जांभळी-निळी झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेवर उजेड कसा पडतो त्यावर ठरते. उजेड भलत्या कोनातून आला की तोच नर कोळशासारखा काळा येतो. विणीनंतर त्याच्या झळाळीचा बराचसा भाग गळतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते, तेव्हा त्याला मादी समजून फोटो खोडू नये.

खोलीतला दिवा बंद, पडदा ओढलेला, फटीतून लेन्स बाहेर. याहून चांगली लपण घरच्या घरी मिळत नाही. काचेतून काढायचं तर लेन्स काचेला जवळजवळ टेकवावी. मिररलेस कॅमेऱ्यांचा आवाज पूर्ण बंद होतो, ही गेल्या काही वर्षांतली या कामातली सर्वांत उपयोगी सुधारणा. मोठी लेन्स नसेल तरी अडत नाही. जुना मोबाईल छोट्या तिकाटण्यावर भांड्यापासून दोन फुटांवर ठेवून दुरून ब्लूटूथ बटणाने फोटो काढणारे लोक आहेत, आणि त्या विस्तृत चौकटीत पक्ष्याबरोबर अंगण, तुळस, मागचं घर असं सगळं येतं. महागड्या लेन्सच्या मलईदार पार्श्वभूमीत हे सगळं पुसलं जातं, आणि फोटो सिल्वासातला की सिडनीतला ते कळेनासं होतं.

जूनमध्ये हे सगळं आवरायचं. ओल्या दाण्याला एका रात्रीत बुरशी येते, त्यातली काही बुरशी पक्ष्यांना विषारी असते, आणि पावसात किड्यांची इतकी रेलचेल असते की तुमच्या दाण्याची गरजही नसते. उरलेल्या महिन्यांतही फीडर आठवड्यातून एकदा गरम पाण्याने घासून कडक उन्हात वाळवला पाहिजे. ही नुसती स्वच्छतेची हौस नाही. ब्रिटनमध्ये २००५-०६ पासून ट्रायकोमोनोसिस नावाचा रोग खाद्याच्या आणि पाण्याच्या जागांवरून ग्रीनफिंचमध्ये पसरला आणि तिथला हा नेहमीचा पक्षी २०२१ मध्ये लाल यादीत गेला. सपाट तबकांवर लाळ आणि विष्ठा साचते, म्हणून तिथल्या सर्वांत मोठ्या पक्षी संस्थेने, आरएसपीबीने, २०२५ मध्ये अशा तबकांची विक्री थांबवली. हा रोग पारव्या-होल्यांमध्ये फार जुना आहे, आणि आपल्या फीडरवर गर्दी कोणाची असते ते वर आलंच आहे. जानेवारी २०२१ मध्ये इंदूर आणि झालावाडला बर्ड फ्लूने कावळे मेले तेव्हाही, पक्ष्यांना एके जागी दाटीने जमवणं थांबवणंच शहाणपणाचं होतं. मुंबईत २०२५च्या जुलैत कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद पेटला, त्यात श्रद्धा आणि फुप्फुसांचे विकार यांची लढाई झाली. पक्ष्यांच्या बाजूने कोणी फारसं बोललं नाही. माझं मत विचाराल तर पारव्याला दाणे घालणं सिल्वासातही थांबावं. त्याला आपली गरज नाही, आणि त्याच्या गर्दीत बाकीचे येत नाहीत.

आणखी एक धोका इथल्या सणाचा. उत्तरायणाच्या आठवड्यात आकाशात मांजा पसरलेला असतो आणि पक्ष्यांची ये-जा सकाळ-संध्याकाळ, म्हणजे नेमकी पतंगांच्या वेळेला. त्या दिवसांत दाणे दुपारी ठेवावेत किंवा ठेवूच नयेत.

अंगणाबाहेर पडलं की पक्ष्यांना दाण्यापाण्याने एके जागी जमवण्याचा प्रश्न आणखी मोठा होतो. पुण्याजवळ सिंहगडाच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पाण्यावर येणारे पक्षी टिपायला सुट्टीच्या दिवशी लेन्सांची रांग लागते. कर्नाटकात गणेशगुडीच्या ओल्ड मॅगझीन हाऊसमध्ये भांड्यांत पाणी भरून ठेवतात, आणि बसल्या जागी अर्ध्या पश्चिम घाटाचे पक्षी अंघोळ करताना दिसतात. उत्तराखंडात सातताल, केरळात थट्टेकाड. आता लपणी भाड्याने मिळतात, फांदी तयार असते, उजेड कुठून येतो हेही आधीच ठरलेलं असतं. यातून गावच्या माणसाला रोजगार मिळतो आणि घरट्यांवरची गर्दी कमी होते, म्हणून मी याच्या विरोधात नाही. पण शंभर जणांकडे तोच पक्षी, तीच फांदी, तोच हिरवा मागपट. मांडव्याच्या बोटीवर शेव-फरसाण उधळून सीगल जवळ आणणं मात्र निव्वळ खोडी आहे. खारट तळलेलं खाणं त्या पक्ष्यासाठी नाही, आणि तो फोटोही सगळ्यांकडे असतो.

घरट्यांचा मुद्दा जुना. केअर्टन बंधूंनी १८९५ मध्ये इंग्लंडमध्ये छायाचित्रांनी सजलेलं पक्ष्यांच्या घरट्यांचं पुस्तक काढलं, आणि पुढे चक्क पोकळ बैलाच्या सोंगात लपून फोटो काढले. सलीम अलींचे मित्र लोक वान थो यांनी भारतात काढलेली सुंदर छायाचित्रंही बरीचशी घरट्यापाशी लपण बांधून टिपलेली. तेव्हा फिल्म संथ होती, लेन्स लहान होत्या, आणि पक्षी परत-परत येईल अशी खात्रीची जागा घरट्याशिवाय दुसरी नव्हती. आज ती सबब उरलेली नाही. पाण्याचं भांडं आणि फुललेलं झाड घरट्याइतकीच खात्री देतात आणि पिलं उन्हात करपत नाहीत. अंगणातल्या छायाचित्रणाची सर्वांत मोठी कमाई मला हीच वाटते.

मग उरतो तो ‘जंगली’ कोणाला म्हणायचं हा वाद. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत २००९ चं पहिलं बक्षीस फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याला मिळालं आणि पुढच्या जानेवारीत परत घेतलं गेलं, कारण लांडगा माणसाळलेला असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. ही स्पर्धा आणि अमेरिकेतली ऑडुबॉन संस्था, दोघांच्याही नियमांत जिवंत आमिषाला मनाई आहे. घुबडासाठी पांढरा उंदीर सोडणं यात सरळ बसतं. पाणी, दाणा, पपई यांना बहुतेक ठिकाणी हरकत नसते, मात्र विचारलं तर लपवायचं नाही. अडचण मधल्या जागी आहे. पाळीव पक्ष्यांच्या दुकानात मिळणाऱ्या पिवळ्या अळ्या वाटीत ठेवल्या की दयाळ आणि नाचण दोन दिवसांत वाटीवर येतात, म्हणजे दाणा न खाणाऱ्यांसाठी अखेर एक फीडर सापडतो. इंग्लंडमध्ये रॉबिनला अळ्या घालणं हा घरोघरचा रिवाज आहे आणि त्याला कोणी आमिष म्हणत नाही. माझ्या ओळखीचे दोन छायाचित्रकार यावरून वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. एकाचं म्हणणं, अळी जिवंत आहे, म्हणून ते जिवंत आमिषच. दुसऱ्याचं म्हणणं, मग फुलांवर किडे यावेत म्हणून लावलेली हॅमेलिया काय वेगळी? मी पहिल्याच्या बाजूचा आहे, पण दुसऱ्याच्या हॅमेलियावर दयाळाचे फोटो जास्त चांगले येतात.